तिसऱ्या ताऱ्याचा साक्षीदार

गेल्या वर्षी मी एक तारा शोधला आणि काही आठवड्यांतच तो घालवला. शोधल्यापेक्षा घालवल्याचा आनंद मोठा होता असं मी सांगते, तेव्हा लोक माझ्याकडे संशयाने बघतात. एका मैत्रिणीने तर हळूच विचारलं, "बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना?" घेते. बीपी अगदी व्यवस्थित आहे. तारा गेल्यापासून तर जास्तच.

मी रत्नागिरीत कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. निवृत्ती दिसायला लागल्यावर माणसं तीर्थयात्रेचे बेत करतात, मी पीएचडीला नाव घातलं. स्टाफरूममध्ये त्यावर पुष्कळ करमणूक झाली. "या वयात हे कसले डोहाळे!" असं एकीने तोंडावर म्हटलं. मीही तोंडावरच सांगितलं की तरुणपणी घरातली धुणी-भांडी करण्यात आणि तुमचे जादा तास घेण्यात वेळ गेला, आता जरा आकाशाकडे बघते. त्यानंतर डोहाळ्यांचा विषय कोणी माझ्यासमोर काढला नाही.

माझा विषय जोडताऱ्यांचा. आकाशातले पुष्कळ तारे एकटे नसतात, दोघे दोघे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातल्या काही जोड्या आपल्या नजरेच्या रेषेत अशा फिरतात की कधी हा त्याच्या आड येतो, कधी तो याच्या. आपल्याला दोघे वेगळे दिसत नाहीत, दिसतो एकच ठिपका. पण एक दुसऱ्याच्या आड गेला की ठिपका मंद होतो आणि बाहेर आला की पुन्हा उजळतो. म्हणजे ताऱ्यालाच ताऱ्याचं ग्रहण. पुस्तकात याला 'पिधानकारी युग्मतारे' म्हणतात. हा शब्द वर्गात उच्चारला की मागचा बाक झोपतो, म्हणून मी ग्रहणाचे जोडतारे म्हणते.

या ग्रहणांचा मोठा गुण असा की ती वेळेवर येतात. ठिपका सर्वांत मंद झाला तो क्षण टिपायचा, पुढच्या ग्रहणाची वेळ काढायची आणि वर्षानुवर्षं ताडून बघायचं. वेळा जुळत राहिल्या तर जोडी जशी होती तशी आहे. हळूहळू उशीर वाढत गेला तर समजायचं की एक तारा आपल्या अंगातला वायू दुसऱ्याला देतोय आणि त्यामुळे दोघांची फेरी लांबतेय. ताऱ्याचं वय होणं हे असं उशिरावरून कळतं. आणि वेळा जर झोक्यासारख्या पुढे-मागे व्हायला लागल्या, तर मात्र कोणीतरी तिसरा जवळपास असतो. तो दिसत नाही, पण या दोघांना खेचतो. अशा तिसऱ्याचा शोध लागणं म्हणजे आमच्या धंद्यात लॉटरी.

आमचं घर भाट्याच्या वर, सड्यावर म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर आहे. पायाखाली जांभा दगड, त्यामुळे बागेला पाणी ठरत नाही, पण गच्चीवरून दक्षिणेला समुद्रावरचं काळं आकाश मिळतं. पूर्वेला हातखंब्याच्या बाजूला महामार्गाचे दिवे वाढत चाललेत, तिकडचं आकाश मी कधीच सोडून दिलं. माझा तारा दक्षिणेकडचा, समुद्रावर बेताचाच वर येणारा. उत्तरेकडच्या मोठ्या दुर्बिणींना तो नीट दिसत नाही, म्हणून माझ्यासारखीच्या वाट्याला आला. माघापासून वैशाखापर्यंत तो पहाटे दिसतो, दिवाळीच्या सुमाराला थोडे दिवस संध्याकाळी. मधले चार महिने पाऊस. पावसाच्या तोंडावर, आगोटीला, घराघरांत सुकी मासळी, सांडगे, लाकूडफाटा भरून ठेवतात, तेव्हा आमच्याकडे दुर्बीणही डब्यात जाते. तिची भिंगं पुसून, सुकवून, हवाबंद डब्यात बंद करायची, नाहीतर दसऱ्यापर्यंत बुरशी त्यांच्यावर रांगोळी काढते. हे सगळं यजमान करतात.

यजमानांबद्दल सांगायला हवं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. माणूस सरळ, पण एक खोड आहे. मदत करतात ती सांगत नाहीत. मी कॉलेजमधून येते तर वाळत घातलेले कपडे घड्या होऊन कपाटात गेलेले असतात आणि मी अर्धा तास दोरीवर शोधत असते. मी पीएचडीला लागले तशी त्यांनी दुर्बिणीचाही संसार अंगावर घेतला. पहाटे निरीक्षण मी करायचं, सकाळी मी कॉलेजला गेले की कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे, एका प्रोग्रॅममधून ताऱ्याचा उजेड आणि वेळ काढायची, हे काम त्यांनी कधी उचललं ते मलाही कळलं नाही. संध्याकाळी मी बसले की तयार आकडे समोर. त्यावरून ग्रहणाची नेमकी वेळ काढणं आणि पुढचं गणित माझं. पाटबंधाऱ्यात आयुष्यभर पाण्याच्या पातळ्या मांडलेला माणूस, आकड्यांत चूक करणार नाही याची मला खात्री होती. आणि चूक त्यांनी केलीही नाही, हीच तर गंमत.

तर गेल्या वर्षी, फेब्रुवारी संपता संपता, मी सगळ्या वर्षांच्या वेळा एका आलेखावर मांडल्या. सुरुवातीच्या वर्षांचे ठिपके गुपचूप रेषेवर बसले होते. गेल्या तीन वर्षांतले मात्र झुलत होते. काही मिनिटं आधी, मग काही मिनिटं उशिरा, पुन्हा आधी. मध्ये पावसाळ्याची मोकळी जागा, तिथे ठिपकाच नाही. तिथला झोका प्रोग्रॅमने आपल्या मनाने जोडून दिला आणि उत्तर दिलं की वर्षाहून थोड्या अधिक काळात फेरी घालणारा एक तिसरा तारा इथे असला पाहिजे. त्याची कक्षा लांबोडकी असावी, आता तो जवळ आला असावा, म्हणून आधी जाणवला नाही आणि आता जाणवतोय, असं स्पष्टीकरण मी केलं. ते मला इतकं आवडलं की मी उठून चहा केला आणि साखर घालायची विसरून तसाच प्यायले.

माझे मार्गदर्शक कोल्हापूरला असतात. वयाने माझ्याहून लहान, त्यामुळे ते मला मॅडम म्हणतात आणि मी त्यांना सर. आलेख पाहून त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला. "मॅडम, वर्षाच्या आसपास काही झुललं की आधी आपलीच शंका घ्यायची. सूर्याची दुरुस्ती केलीत ना?"

ही सूर्याची दुरुस्ती काय ते सांगते. मिरकरवाड्याहून मासेवाली रोज ठरल्या वेळी पाटी घेऊन निघते. खालच्या आळीला तिची हाक आधी ऐकू येते, आम्हाला सड्यावर उशिरा. म्हणून काही ती आमच्यासाठी उशिरा निघालेली नसते, आम्ही लांब असतो इतकंच. तसंच पृथ्वी सूर्याभोवती फिरताना वर्षात कधी ताऱ्याच्या जरा जवळ असते, कधी लांब. जवळ असली की ग्रहणाची खबर मिनिटांनी आधी येते, लांब असली की उशिरा. म्हणून प्रत्येक वेळ, जणू आपण सूर्यावर उभे राहून बघितली, अशी दुरुस्त करून घ्यायची. नाही केली तर आपलं स्वतःचंच फिरणं ताऱ्याच्या माथी बसतं.

"केली," मी म्हटलं. खोटं नव्हतं. सरांनी माझं सूत्रही तपासलं, तेही बरोबर निघालं. मग ते खुलले. म्हणाले की प्रबंधाचं मुख्य प्रकरण आता हेच. मे महिन्यात एक परिसंवाद होता, तिथे मी हे मांडायचं ठरलं. त्यांनी दोन-चार जणांना सांगूनही टाकलं. प्रबंध पावसाळ्याआधी द्यायचा होता, मुदत आधीच एकदा वाढवून घेतली होती आणि पुन्हा वाढणार नव्हती.

लोकांना वाटतं शोध लागला की माणूस नाचतो. मी दोन दिवस नाचले, मग मला अन्न गोड लागेना. घरात कोणी हाक मारली तरी दचकायची. तारा खरा असेल तर माझं नाव होणार होतं, खोटा असेल तर त्याहून जास्त होणार होतं. निवृत्तीच्या तोंडावर बाईंनी आकाशात नसलेलं पोर जन्माला घातलं, हे स्टाफरूमला वर्षभर पुरलं असतं. प्रबंध गेला असता तो वेगळाच. हे मी कोणाला बोलले नाही. यजमान विचारायचे, "बरं नाही का वाटत?" मी म्हणायची, "उकाडा आहे."

शेजारी चाचा राहतात. तरुणपणापासून जहाजावर होते, अर्ध्या दुनियेची बंदरं करून आले आणि आमच्या लगत घर बांधलं. त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिकली, म्हणून तेही मला बाई म्हणतात. रमजान संपत आला की चंद्र बघायला ते आमच्या गच्चीवर येतात, कारण त्यांच्या पश्चिमेला माडांची रांग आहे. मी दुर्बीण लावून देते. दुर्बिणीत कोर दिसली तरी ते लगेच बाजूला होतात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसेपर्यंत उभे राहतात. त्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

त्या संध्याकाळी क्षितिजावर धुरकट होतं. आम्ही दोघं कठड्याला टेकून वाट बघत होतो. बंदरातून होड्या बाहेर पडत होत्या.

"पोराने मघाशी मस्कतहून फोन केलान," चाचा म्हणाले. "तिकडे काल दिसला म्हणे. मी म्हटलं, तुमचा चंद्र तुम्हाला मुबारक, आमचा आम्ही बघू."

मी हसले. मग ते म्हणाले, "तुमच्या ताऱ्याचं काय, बाई? तुमचे हे सांगत होते, तिसरा सापडला म्हणून."

यजमान बाहेर कौतुक करून आलेले होते तर. मी थोडक्यात सांगितलं.

"कोणी बघितलंन अजून?"

"मी बघितलं. तीन वर्षं बघतेय."

"ते झालं तुमचं. दुसरा कोण?"

"दुसरा कशाला हवा? एकदा नाही चाचा, कितीतरी वेळा बघितलाय मी."

"शंभर वेळा बघा," चाचा शांतपणे म्हणाले. "साक्षीदार एकच ना, बाई? रोजे धरायच्या चंद्राला आमच्यात एकाचा शब्द चालतो. ईद करायची तर दोन लागतात. सगळं गाव जेवायला बसणार, तिथे एकट्याच्या डोळ्यांवर कसं चालेल?"

मला राग आला. ज्या माणसाला मी दर वर्षी दुर्बीण लावून देते त्याने मला पुराव्याचा नियम सांगावा! मी काहीतरी तुटक बोलले. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर पोरांचा गलका झाला, आम्ही दोघांनी वर पाहिलं, तर धुरक्याच्या वर बारीक कोर. चाचांनी मला विचारलं, "तुम्हालाही दिसली ना?" मी हो म्हटलं. मग ते समाधानाने जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून शीरखुर्मा आला, पण माझा राग त्यानेही गेला नाही. कारण तो राग त्यांच्यावर नव्हताच. तीन वर्षं फोटो माझे, घड्याळ माझं, लॅपटॉप माझा. दुसरा साक्षीदार खरंच नव्हता.

ताऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या हौशी लोकांचा जगभर एक गोतावळा असतो. त्यात दक्षिण गोलार्धातले एक गृहस्थ होते, पेशाने दातांचे डॉक्टर. माझा तारा त्यांच्या अगदी डोक्यावरून जातो आणि आमच्याकडे मुसळधार पाऊस असतो तेव्हा त्यांच्याकडे स्वच्छ हिवाळा. मी त्यांना ईमेल लिहिली की या ताऱ्याची काही ग्रहणं तुम्ही टिपली आहेत का. टिपली होती. मागच्या दोन पावसाळ्यांतली. त्यांनी आनंदाने सगळ्या वेळा धाडल्या, सोबत आपल्या कुत्र्याचा फोटोही.

मी त्या वेळा माझ्या आलेखावर मांडल्या. माझ्या पावसाळ्याच्या मोकळ्या जागा भरल्या. माझा झोका तिथे सर्वांत वर जायला हवा होता. डॉक्टरांचे ठिपके मात्र खाली, सरळ रेषेवर, माझ्या सुरुवातीच्या वर्षांच्या ठिपक्यांचा हात धरून उभे.

पहिला विचार मनात आला तो असा: दातांच्या डॉक्टरला घड्याळ काय कळतंय! दोन दिवस मी त्यांच्या घड्याळावर संशय घेतला, त्यांच्या कॅमेऱ्यावर घेतला, कुत्र्यावरही घेतला. मग शनिवारी दुपारी यजमान जेवून पडले होते तेव्हा मी आमच्याच एका पहाटेचे मूळ फोटो उघडले आणि तयार आकडे न घेता सगळं हाताने करायला बसले. फोटोवरची वेळ घेतली. सूर्याची दुरुस्ती केली. मग माझ्या आलेखातली त्याच ग्रहणाची वेळ काढून शेजारी ठेवली. दोन्ही वेळांत फरक होता, आणि तो फरक त्या दुरुस्तीएवढाच होता. दुसरी पहाट घेतली, तिथेही तेच. तिसरी घ्यायची गरज नव्हती, तरी घेतली.

दुरुस्ती दोनदा झाली होती. केली का, असं सरांनी विचारलं होतं. किती वेळा केली, असं जगात कोणीच विचारत नाही.

मी आत गेले. "अहो, फोटोंतून आकडे काढताना तुम्ही वेळेला काही करता का?"

ते डोळे चोळत उठले. "वेळेला? सूर्याची दुरुस्ती ना? अगो, ती मी करतोच की. तिथे एक चौकोन येतो, त्यात खूण केली की प्रोग्रॅम आपोआप करून देतो. तूच नाही का समजावलंस मला, त्या पावसात दिवे गेले होते तेव्हा? मासेवालीचं उदाहरण देऊन? म्हटलं, तुझा एक व्याप कमी." आणि खुशीत म्हणाले, "तेव्हापासून एकदाही चुकलो नाही."

तेव्हापासून. म्हणजे हीच तीन वर्षं. त्याआधी ते खूण करत नव्हते, म्हणून त्याआधीचे ठिपके सरळ. त्यानंतर त्यांनी एकदा आणि मी एकदा. आमटीत दोघांनीही मीठ घालावं तसं झालं. आमच्या त्या लांबोडक्या कक्षेत फिरणारा तिसरा तारा म्हणजे आम्हीच होतो, वर्षभर सूर्याभोवती फिरणारी आमची पृथ्वी. पावसाळ्याची मोकळी जागा नसती तर झोका पुरता दिसला असता आणि अक्षर ओळखावं तशी त्याची वर्षाची फेरी ओळखता आली असती. रत्नागिरीच्या पावसाने बरोबर तीच जागा झाकली होती.

मी त्यांना सांगितलं. सांगताना आवाज चढला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं करायला? करायचं तर मला सांगायला काय झालं होतं?" त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला आणि तरी थांबले नाही. ते म्हणाले, "म्हणजे तुझी तीन वर्षं…" आणि वाक्य तिथेच सोडून परसात गेले. अळवाला सकाळीच पाणी घातलेलं होतं, त्यांनी पुन्हा घातलं.

मी खुर्चीवर बसून राहिले. आणि मग एक नवल झालं. रडू येईल म्हणून वाट बघत होते, ते आलं नाही. छातीवरचा धोंडा उतरावा तसं वाटलं. कितीतरी आठवड्यांनी पोटभर श्वास आला. तारा नव्हता. आता तो सिद्ध करायचा नव्हता, मांडायचा नव्हता, त्याच्या वतीने कोणाशी भांडायचं नव्हतं. मे महिन्यात परक्या लोकांसमोर कोणीतरी उभं राहून, "मॅडम, दुरुस्ती किती वेळा केलीत?" असं विचारण्याआधी हे मला माझ्या घरात, माझ्या टेबलाशी कळलं होतं. मी उठून चहा केला आणि साखर घालून प्यायले. मग लॅपटॉपवर सगळी तीन वर्षं पुन्हा काढायला घेतली, चौकोनातली खूण काढून.

अंधार पडेपर्यंत आलेख तयार झाला. झोका पार गेला होता. राहिली होती एक साधी रेषा, पण अगदी सरळही नाही. दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली, आणि डॉक्टरांचे ठिपकेही तिच्यावरच. म्हणजे जोडीची फेरी हळूहळू लांबत होती. एक तारा दुसऱ्याला आपल्यातलं देत होता, फारसा गाजावाजा न करता. झोक्याच्या गडबडीत मी हे इतके दिवस पाहिलंच नव्हतं. शोध म्हणावा असं हे नाही, पण खरं होतं. आणि याला दुसरा साक्षीदारही होता.

भीती आता एकच उरली, सरांची. त्यांनी लोकांना सांगून ठेवलेलं. मुख्य प्रकरण बाद. एवढ्याशा वळलेल्या रेषेवर प्रबंध उभा राहील, की ते म्हणतील, मॅडम, पुन्हा पहिल्यापासून? पहिल्यापासून म्हणजे संपलंच, मुदत तेवढी नव्हती. रात्री जेवताना आम्ही दोघंही ताटात बघून जेवलो. मी आलेखाचं सांगणार होते, पण मघाचा चढलेला आवाज अजून घशात होता, त्यामुळे तो खाली येईपर्यंत जेवण संपलं. रविवारी सरांना त्रास द्यायला नको म्हणून सोमवारी सकाळी फोन करायचा ठरवला. रविवारभर यजमान लॅपटॉपच्या खोलीत फिरकले नाहीत.

सोमवारी ते नेहमीपेक्षा लवकर मिरकरवाड्याला गेले. मासळीचा लिलाव बघायला त्यांना आवडतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी मला कॉलेजला दुपारी जायचं होतं. मी देवाजवळ दिवा लावला, जो मी परीक्षेच्या दिवशीही लावत नाही, आणि फोन केला.

"सर, एक मोठी चूक झालीय. तिसरा तारा नाही. सूर्याची दुरुस्ती दोनदा धरली गेली. चूक माझी आहे, मी आकडे तपासून घ्यायला हवे होते."

पलीकडे सर हसले. मला वाटलं रागाने हसले.

"मॅडम, ही दुरुस्तीही तुम्ही दोनदाच करताय."

"म्हणजे?"

"सकाळी सात वाजता तुमच्या यजमानांचा फोन येऊन गेला. मागे माशांचा बाजार ऐकू येत होता, मला आधी काही कळेचना. म्हणाले, चूक माझी आहे, तिची नाही. मी न सांगता खूण करत होतो. तिला बोलायचं ते मला बोला, पण तिचं नाव घालवू नका. नियम असेल तर माझ्याकडून लेखी घ्या म्हणाले. आणि मी फोन केला हे तिला सांगू नका, असंही म्हणाले. पण तुम्हीही तेच बोलायला लागलात, मग मी काय करू?"

सरांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. नवा आलेख मागवला. मी लगेच धाडला. त्यांनी तो बघितला असावा, कारण थोड्या वेळाने आवाज बदलला. म्हणाले, "फेरी लांबतेय की, मॅडम. हे तर चांगलं आहे. छोटं आहे, पण उभं राहील. प्रकरण बदला, प्रबंध वेळेत होईल. परिसंवादात हेच मांडा, आणि तिसरा तारा कसा गेला तेही सांगा. ज्यांना मी सांगून बसलोय त्यांना मी आवरतो. आत्ता कळलं हे फार बरं झालं." मी "हो सर" एवढंच म्हणत राहिले. शाळेतल्या पोरीसारखं नाक पुसत उभी होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

यजमान आले तेव्हा उन्हं चढली होती. हातात पिशवी, शर्टाला बर्फाच्या पाण्याचा ओला डाग. उंबऱ्यातच थांबून त्यांनी विचारलं, "सरांना फोन केलास?"

"केला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, होईल प्रबंध. वेळेत होईल."

ते तिथेच पायरीवर बसले. पिशवी मांडीवर तशीच. रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "आणि नाव? तुझ्या नावाला काही…"

सातचा फोन, बाजारातला गलका, लेखी घ्या म्हणणं, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिला सांगू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, मांडीवरची पिशवी काढून घेतली आणि म्हटलं, "नावाला काही झालं नाही. तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या. परवापासून धड जेवला नाहीत."